जिवंत खडक आणि सुका खडक

समुद्राचे दर्शन ज्यांस वर्षानुवर्षे घडत नाही, अशा आपल्या हिंगोली जिल्ह्यातील मंडळींनी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडावी, ही कल्पना प्रथम ऐकताना जराशी विलक्षण वाटते. तथापि हौसेला अंतराची अट नसते. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेथे समुद्र रस्त्याच्या पलीकडेच होता. आपणांस मात्र तो मिठाच्या पुड्यातून घरी आणावा लागतो. एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार मिसळले की पाणी खारे होते, पण त्याचा समुद्र होत नाही. तो होण्यासाठी खडक लागतो. हा खडक जिवंत घ्यावा की सुका, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

‘जिवंत खडक’ हे नाव फसवे आहे. दगडास जीव नसतो, हे शाळेतील लहान मूलही सांगेल. पोवळ्यांच्या, म्हणजे प्रवाळांच्या, चुनखडीच्या सांगाड्यांचे तुकडे लाटांनी मोडून समुद्रतळी पडतात. त्यांच्या असंख्य छिद्रांत जंतू, शैवाले, स्पंज, कृमी आणि बारीक कवचधारी जीव वस्तीस येतात. अशा वसलेल्या दगडास व्यापारी जिवंत खडक म्हणतात. सुका खडक हा बहुधा त्याच जातीचा दगड होय. मात्र तो जमिनीवरील प्राचीन प्रवाळथरांतून खणून काढलेला किंवा पूर्ण वाळवलेला असतो. घर तेच, बिऱ्हाड तेवढे नाही.

या बिऱ्हाडाचे महत्त्व काय, हे समजल्यावाचून निवड करता येणार नाही. मासा श्वासावाटे व मलावाटे अमोनिया पाण्यात सोडतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठाच्या वर असल्यामुळे हा अमोनिया तेथे गोड्या पाण्याहून अधिक विषारी ठरतो. खडकावरील एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासा बऱ्याच प्रमाणात सोसू शकतो. खडकाच्या अगदी आतल्या रंध्रांत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे आणखी निराळे जंतू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडून देतात. वर झाडूवाला आणि तळघरात भंगी-मेहतर नव्हे, तर सारी नगरपालिकाच त्या एका दगडात नांदते, असे म्हणावयास हरकत नाही.

कित्येक श्रोते विचारतील की, आपल्या कयाधूच्या पात्रात दगडांना काय तोटा? औंढा नागनाथाचे मंदिर ज्या काळ्या पाषाणाचे आहे, तो पाषाण मजबूत खरा, परंतु घट्ट. त्यात जंतूंना राहावयास जागा थोडी, आणि पाण्याचा सामू राखणारा चुनाही त्यात नाही. शेतातील चुनखड्यावर लिंबू पिळले तर फेस येतो, म्हणजे चुना आहे हे सिद्ध होते. पण त्याबरोबर माती आणि खतांचा अंश येतो, व मग पेटीत मासे कमी आणि शेवाळ फार, अशी अवस्था होते. याच कारणास्तव आपल्याकडील बोअरचे पाणीही न वापरता गाळणयंत्राचे शुद्ध पाणीच घ्यावे.

आता जिवंत खडकाच्या बाजूने जे म्हणावयाचे ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. तो ताजा मिळाला तर पेटी लवकर स्थिर होते, आणि त्याच्या अंगावरून कधी कोणता चिमुकला जीव डोके वर काढील याचा नेम नसल्यामुळे पाहणाऱ्यास मोठी मौज वाटते. पण आपल्याकडे तो ताजा पोहोचेल कसा? मुंबईपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, त्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर. वाटेत स्पंज व कृमी मरतात, कुजतात, आणि जो खडक अमोनिया नाहीसा करावयाचा तोच अमोनियाचे आगर बनतो. शिवाय ॲप्टेशिया नावाचे दंश करणारे समुद्रफूल त्यावर बसून आले, तर ते उपटू जावे तो तुकड्यातुकड्यांतून नव्याने उगवते; हरळीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास अधिक सांगणे नको.

याहून मोठी अडचण कायद्याची आहे, आणि ती रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. वाघास जे संरक्षण, तेच पोवळ्यास. या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे, व मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा बाळगणेही निर्धास्त नाही. हा कडकपणा उगाच नव्हे. घट्ट बांध्याचे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ खणून कितीतरी खडक उजाड झाले. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८ साली समुद्र तापल्याने पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले. आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा विस्तीर्ण उंचवटा आहे. तेथील ढेकूळ फोडून कोणी दिवाणखाना सजवू म्हणेल, तर त्यास हौस म्हणणे मला जमणार नाही.

तेव्हा माझे मत सुक्या खडकाकडे आहे. पण त्याचीही पावती पाहून घ्यावी. तो जमिनीवरील खाणीतला आहे की समुद्रातून काढून वाळवलेला, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. उत्तर देताना तो अडखळला तर मातीचा भाजलेला किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक घ्यावा. सिमेंटचा असेल तर कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावा, एरवी सामू भलताच चढतो. शंभर लिटरांच्या पेटीस दहा ते वीस किलो खडक पुरतो. तो वाळूवर न रचता थेट तळाच्या काचेवर टेकवावा, म्हणजे वाळू सरकून डोलारा कोसळत नाही.

दुधाला विरजण लागते, तसे या खडकासही लागते. बाजारात जंतूंची बाटली मिळते. अथवा एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी पेटीतील गाळणीचा स्पंज थोडासा मागून आणावा. मग मासा न सोडता माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकावी, दिवा बंद ठेवावा, आणि आठवड्यातून दोनदा पाणी तपासावे. प्रथम अमोनिया वाढतो, तो उतरू लागला की नायट्राइट वाढतो, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. यास चार ते आठ आठवडे लागतात. घरातील मुले रोज विचारतील, ‘मासा केव्हा?’ त्यांस तपासणीच्या आकड्यांचा तक्ता भिंतीवर लिहावयास सांगावे. रसायनशास्त्राचा इतका चांगला धडा फळ्यावर देता येत नाही. दोन्ही आकडे आठवडाभर शून्यावर स्थिर राहिले, की निम्मे पाणी बदलून एकच लहानसा क्लाउनफिश सोडावा, आणि दुसऱ्याची घाई महिनाभर करू नये.