उदगीरच्या ओसरीतला समुद्र

मैत्रिणींनो, आपल्या उदगीरहून कुठल्याही दिशेला निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही! आपला जिल्हा तर असा की २०१६ साली लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. अशा गावात, आमच्या बचत गटातल्या एका वहिनीच्या ओसरीत, गेल्या वर्षभरात पाच वेळा समुद्र उगवला. तोही थेट फ्रान्सचा.

वहिनींनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या. पुढे लग्न, संसार... ब्रश सुटला. मुलगी नर्सिंगला गेली आणि फीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तो पुन्हा हातात आला. निवडलं ते क्लॉद मोने यांचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराची १८७२ सालची पहाट. धुकं, निळसर करडं पाणी, दोन-तीन होड्या आणि नारिंगी सूर्य. १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते लागलं तेव्हा लुई लरॉय नावाच्या टीकाकाराने ‘याहून भिंतीला चिकटवायचा कागद बरा’ अशा अर्थाची खिल्ली उडवली. त्याच थट्टेतून या चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव चिकटलं. आज मूळ चित्र पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात आहे. १९८५ मध्ये ते चोरीला गेलं होतं, १९९० मध्ये सापडलं.

मी शेजारी बसून हे काम पाहिलंय, ब्रशही धुतलेत, म्हणून सांगते. दिसायला सोपं वाटणारं हे चित्र भारी फसवं आहे. चौकोन आखण्यासाठी वहिनींनी छापील चित्राची झेरॉक्स काढून आणली, तर त्यात सूर्यच जवळजवळ गायब! आम्हाला वाटलं मशीनच बिघडलं. पण गंमत अशी की मोनेंनी सूर्य आभाळापेक्षा उजळ रंगवलेलाच नाही. त्याचा उजेड भोवतीच्या करड्या रंगाइतकाच आहे, फरक फक्त रंगाचा. निळ्या-करड्यात नारिंगी म्हणून तो पेटल्यासारखा दिसतो. हे कळलं नाही की माणूस सूर्यात पांढरा, पिवळा घालत सुटतो आणि सूर्याचा होतो बल्ब.

काम सुरू होतं ते टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेल्या निळ्या-करड्या थराने. तो सुकला की मागची जहाजं, डोलकाठ्या, धुराडी. तीही पुसट, ओळखू येतील न येतील एवढीच. मग होड्या. वहिनींचा नियम एकच, पातळावर जाड. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटं केलं तर पुढे रंगाला भेगा पडतात. सगळ्यात शेवटी पाण्यातलं सूर्याचं प्रतिबिंब, जाड रंगाचे आडवे फटकारे. तिथे रांगोळीच्या रेघेसारखं आहे. एकदा ओढली की ओढली, गिरवायला गेलात की खालचा करडा मिसळून चिखल होतो. वहिनींच्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्याच होत्या, “काय गं, ह्या निळ्या चिखलात काय काढायलीस?” आता त्याच आल्या-गेल्याला हात लावू देत नाहीत. “वल्लं हाय अजून!”

रंगात घालायचं लिनसीड ऑइल म्हणजे आपलं जवसाचंच तेल बरं का! ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो त्या जवसाचं. पण घाण्याचं तेल चालत नाही, चित्रकलेसाठी शुद्ध केलेलं लागतं. एक मात्र लक्षात ठेवा. या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वहिनी ती अंगणात पसरून वाळवतात. टर्पेंटाइनचा वासही उग्र, म्हणून सगळा कारभार ओसरीत. लेकरांच्या खोलीत नाही.

‘नक्कल करण्यात काय मोठेपणा?’ असं आमच्यातल्याच एक अक्का म्हणाल्या. मला ते पटत नाही. मोनेंनी ही पहाट रंगवली त्याच १८७२ साली आपल्या अजिंठ्यात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन भित्तिचित्रांच्या नकला करायला लागले. तेही तैलरंगातच! १८८५ पर्यंत ते काम चाललं. त्यातल्या बऱ्याच नकला लंडनमध्ये आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं राबून केलेल्या नकलाही १८६६ च्या आगीत जळाल्या होत्या. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि भिंतीवरून आज पुसट झालेलं काही काही त्यांत अजून दिसतं. अर्थात नकलेपायी मूळ चित्रांना लावलेल्या व्हार्निशने अजिंठ्याचं नुकसानही झालं, हेही खरंच.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या शहरातल्या एका फर्निचर व्यापाऱ्याने वहिनींची दोन चित्रं घेतली आणि सहा आणखी मागितली. दर दुप्पट. अट एकच, डाव्या कोपऱ्यात मोनेंची सही आणि ‘७२’ हवं. “मूळ चित्रात आहे की, मग तुम्ही का गाळता?” त्याचा प्रश्न वरवर बिनतोडच. होड्या चालतात, सूर्य चालतो, मग सही का नाही?

मोने १९२६ मध्ये वारले. त्यांच्या चित्राची नक्कल करून विकायला हरकत नाही. पण नक्कल म्हणून! पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नकला करायला रीतसर परवानगी मिळते. तिथेही नक्कल मुळाच्या मापाची चालत नाही आणि चित्रकाराची सही उतरवता येत नाही. मूळ चित्र ४८ बाय ६३ सेंटिमीटरचं, म्हणून वहिनी मुद्दाम १५ बाय २० इंचांचा कॅनव्हास घेतात. डाव्या कोपऱ्यात नुसतं पाणी. मागे मराठीत लिहितात, ‘क्लॉद मोने यांच्या चित्रावरून’, खाली स्वतःचं नाव, उदगीर आणि साल.

व्यापाऱ्याला त्यांनी नाही सांगितलं. घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. नवऱ्याचं म्हणणं, सही काढायला रंग किती लागतो? आणि फी तर भरायचीच होती. शेवटी गटातून कर्ज घेतलं, जामीन मी राहिले. तिसरं-चौथं चित्र गावातच गेलं, कमी दराने, पण मागच्या नावासकट. पाचवं ओसरीत टांगलंय. सहा महिने तरी सुकल्याशिवाय त्याला व्हार्निश नाही.

कर्जाचे सात हप्ते बाकी आहेत. दिवाळीच्या आधी व्यापाऱ्याचा फोन पुन्हा येणार, असं वहिनी म्हणतात.