कागदावरील थर आणि त्यांचा क्रम

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्यास, नागपूर शहरात काळी व पिवळी मारबत आणि त्यांच्यासमवेत अनेक बडगे यांची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची मानली जाते. लोकपरंपरेने पहिलीचा संबंध भोसले घराण्यातील बांकाबाईशी जोडलेला आहे. दुसरी रोगराई गावाबाहेर नेते, अशी समजूत आहे. इतवारी भागातील रस्त्यांवरून या आकृती नेल्या जात असता लोक आरोळ्या देऊन आपली पीडा त्यांच्या स्वाधीन करतात आणि शेवटी त्यांचे दहन होते. बडग्यांच्या द्वारे महागाई, लाचलुचपत, साथीचे रोग अशा चालू दुःखांवर कोरडे ओढले जातात. या प्रथेची कथा वर्गात सांगणारे शिक्षक पुष्कळ आहेत. बडगा हाताने कसा उभा राहतो, हे सांगणारे मात्र थोडे.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद व कापड, आणि सर्वांवर रंग, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. हे सारे भर पावसाळ्यात करावयाचे असते. कागदाला ओलावा मानवत नाही. तरीही ज्या ऋतूत ओलावा सर्वांत अधिक, त्याच ऋतूत ही कला पिढ्यान्पिढ्या चालली आहे. शाळेतील कागदकामाचा हंगामही नेमका हाच. पोळा, गणेशोत्सव आणि सहामाहीपूर्वीची प्रदर्शने श्रावण ते आश्विन या काळातच येतात. मुखवटा फुगतो, रंग एकमेकांत उतरतो, पांढरा हात दिलेला भाग तडकतो. मुलांचा उत्साह मावळतो आणि प्रदर्शन तोंडावर आले म्हणून शिक्षक स्वतःच कुंचला हाती घेतात. प्रदर्शनातील तीसही मुखवटे एकाच वळणाचे दिसू लागले की ते कोणाच्या हातचे, हे परीक्षकास सांगावे लागत नाही. यात मुलाचे नुकसान मोठे आहे. आपल्या हाताने काम होत नाही, ते मोठ्यांनी पुरे करावयाचे असते, एवढेच तो त्या तासाला शिकून जातो. वस्तुतः बिघाडाचे कारण मुलाच्या हातात क्वचितच असते. ते बहुधा थरांच्या क्रमात असते, आणि क्रम शिकविता येतो.

पहिला थर कागदाचाच. कागद निवडण्यापूर्वी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. वर्तमानपत्राचा कागद थेंब तत्काळ पिऊन टाकतो. वहीच्या कागदावर थेंब काही वेळ उभा राहतो. घोटीव कागदावर तो मोत्यासारखा घरंगळतो. कागद बनविताना त्याला खळीसारखा पदार्थ पाजलेला असतो, त्याच्या कमीअधिक प्रमाणावर हे अवलंबून आहे. जो कागद पाणी पितो तो खळ पितो, म्हणून आकार घडविण्यास उत्तम. परंतु त्यावर थेट शाई लावल्यास ती फुटते. जो पाणी पीत नाही, त्यावर रेघ स्वच्छ उमटते, पण रंगाचा जाड थर वाळल्यावर खपली धरून सुटतो. वर्धा येथील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर हातकागदाचे काम चालविले होते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीमची जी विचारधारा पुढे आली, तिने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. हातकागदाचा एखादा तुकडा मिळाल्यास तो कारखान्याच्या कागदाशेजारी ठेवून दोहोंवर थेंब टाकावा. मुलांना एवढा प्रयोग पुरेसा बोलका ठरतो.

कागदाला दिशाही असते. वर्तमानपत्र उभे फाडले तर पट्टी सरळ निघते, आडवे फाडले तर वेडीवाकडी. तंतू ज्या दिशेने पडलेले असतात, तिच्या आडव्या दिशेने ओला कागद अधिक पसरतो आणि वाळताना तितकाच आखडतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस कागद चिकटविला की वाळल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो, त्याचे कारण हेच. बुकबाइंडर दुसऱ्या बाजूसही तसाच कागद चिकटवून हा ताण फेडतो. मुखवट्याच्या कामात एका थराच्या पट्ट्या उभ्या, तर पुढील थराच्या आडव्या लावाव्यात.

खळ घरचीच उत्तम. एक वाटी मैदा प्रथम थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग सुमारे पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत राहावे. पांढुरकेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक झाली म्हणजे शिजली. गावात चिंचेचे झाड असल्यास चिंचोक्यांची खळ त्याहून चिवट होते. चिंचोके भाजून, टरफल काढून, रात्रभर भिजवून वाटावेत व शिजवावेत. मूर्तिकार व चितारी यांची ही जुनी ओळखीची वस्तू आहे. पावसाळ्यात खळ दोन दिवसांत आंबते व तिला बुरशी धरते. ती टिकावी म्हणून काही कारागीर मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने प्राथमिक शाळेत त्याचा उपयोग सर्वथा वर्ज्य समजावा आणि खळ रोज लागेल तेवढीच करावी.

मुखवट्यासाठी साचा म्हणून पालथे घातलेले जुने मडके चालते. त्यावर पहिला थर केवळ पाण्यात भिजविलेल्या कागदाचा द्यावा, खळीचा नव्हे. त्यामुळे वाळलेला मुखवटा मडक्यापासून सहज सुटतो. त्यानंतर खळीत बुडविलेल्या तुकड्यांचे पाचसहा थर. येथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. एक थर वर्तमानपत्राचा व दुसरा कोऱ्या किंवा रंगीत कागदाचा, असे आलटूनपालटून दिल्यास कोठे तुकडा राहिला ते मुलाला स्वतःलाच दिसते आणि शिक्षकांना बोट दाखवावे लागत नाही.

एका दिवशी दोनांहून अधिक थर देऊ नयेत. दमट हवेत वरचा कागद वाळल्यासारखा दिसतो, पण आत ओल राहते. ती ओळखण्यास उपकरण नको. मुखवटा गालाला लावून पाहावा. ओल असल्यास तो थंड लागतो, कारण पाणी बाष्परूपाने जाताना उष्णता घेऊन जाते. घामावर वारा लागला की गारवा का वाटतो, हा विज्ञानाचा धडा त्याच क्षणी सांगता येतो, आणि तो धडा मुले विसरत नाहीत. गालाला थंड लागणाऱ्या वस्तूवर रंग चढवावयाचा नाही, एवढा एकच नियम वर्गात रुजला तरी निम्मे बिघाड टळतील.

याच ठिकाणी वेळापत्रकाची अडचण उभी राहते. आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या तासात आरंभापासून शेवटपर्यंत सर्व उरकण्याचा प्रयत्न होतो व ओल्यावर ओले चढते. त्याऐवजी एकच काम आठवडाभर रोज वीस मिनिटे चालवावे. दोनशिक्षकी शाळेत हे अधिकच सोयीचे आहे. एका इयत्तेचे वाचन चालू असता दुसरी आपला थर देऊन मोकळी होते. लहान वर्गांनी कागद फाडावा, मधल्यांनी चिकटवावा, मोठ्यांनी रंगवावे, अशी वाटणी काही शाळांत केली जाते. ती कारखान्यात शोभेल. शाळेत प्रत्येक मुलाने आपल्या वस्तूचे सर्व थर पाहिले पाहिजेत. वस्तू लहान झाली तरी हरकत नाही.

आकार वाळल्यानंतर पांढरा हात. खडूची बारीक पूड वस्त्रगाळ करून पातळ डिंकाच्या पाण्यात कालवावी व दोन पातळ हात द्यावेत. मूर्तीला रंगापूर्वी पांढरा हात देण्याची रीत महालातील चितारओळीपासून खेड्यातील कुंभाराच्या पडवीपर्यंत सर्वत्र आढळते. त्यामुळे वर्तमानपत्राची अक्षरे झाकली जातात, कागदाचे पाणी पिणे आवरते आणि वरचा रंग उजळ दिसतो. जाड हात एकदाच देण्याचा मोह टाळावा, तो तडकतोच. डिंकाचे प्रमाणही पाहावयास हवे. खालच्या थरात डिंक थोडा अधिक व वरच्यात थोडा कमी असावा. वरचा थर अधिक चिकट झाला तर वाळताना आखडून तो खालच्यास ओढून काढतो.

पोत आणावयाचा असेल तर तो या पांढऱ्या हाताबरोबर किंवा त्याआधी आणावा, रंगानंतर नव्हे. चाळलेली रेती, लाकडाचा भुसा, गव्हाचा कोंडा, सुतळीचे तंतू, जुन्या लुगड्याची जाळीदार चिंधी, चुरगाळून पुन्हा उलगडलेला पतंगी कागद, यांतील काहीही चालेल. पुढची गंमत रंगाची. पातळ काळी किंवा तपकिरी शाई सर्व पृष्ठभागावर फिरवून ओल्या फडक्याने हलकेच पुसावी. उंचवट्यांवरील शाई निघते, खाचांत ती राहते. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग वरवर ओढावा. तो केवळ उंचवट्यांनाच लागतो. दोन साध्या कृतींनी सपाट कागदाला म्हाताऱ्याच्या कपाळावरील सुरकुत्या येतात. येथे मुलांच्या तोंडून जो आश्चर्योद्गार निघतो, त्यासाठी हा सर्व खटाटोप करण्यासारखा आहे.

शाई आणि रंग यांचे स्वभाव वेगवेगळे असतात. फाउंटन पेनची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्याची असते. वाळल्यावरही तिच्यावर ओला कुंचला फिरला की ती पसरते. चित्रकामाची जी काळी शाई पाण्याने जात नाही, तिच्यात काजळीसारखा कोळसा व लाख असते; वाळल्यानंतर तिच्यावर पाणरंग निर्धास्त चढविता येतो. पोस्टर रंग डिंकाचा असल्याने पुन्हा ओला झाला की उठतो, म्हणून त्यावर दुसरा रंग एकाच ओढीत द्यावा, घासू नये. अलीकडे मिळणारा ॲक्रिलिक रंग एकदा वाळला की पाण्याने उठत नाही. त्यावर कितीही थर देता येतात, मात्र कुंचला तत्काळ धुवावा लागतो. मेणखडू पाणी झिडकारतो. आधी मेणखडूने रेघ व वरून पातळ शाई, असे केल्यास रेघ जशीच्या तशी उजळते. एका कागदावर या सर्वांच्या रेघा ओढून, वाळवून, आडवा ओला कुंचला फिरवावा. कोणती पुसली, कोणती टिकली, याची नोंद मुलांनी स्वतः करावी. हा कागद वर्गाच्या भिंतीवर वर्षभर लावून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

रंगपेटी प्रत्येकास परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. तथापि गेरू, चुना, काजळी आणि हळद ही चार द्रव्ये खेड्यात दुर्मीळ नाहीत. त्यांत थोडे डिंकाचे पाणी घातले की काम भागते. चुन्याच्या बाबतीत सावधगिरी हवी. तो शिक्षकांनीच हाताळावा, मुलांच्या डोळ्यांपासून दूर ठेवावा. चुन्याच्या ताज्या हातावर हळद लावली तर पिवळा रंग येत नाही, तांबडा येतो. मुलांना हे चूक वाटते. वस्तुतः कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. खालचा थर वरच्याला बदलून टाकतो, याचे याहून सोपे उदाहरण मिळावयाचे नाही. पिवळाच हवा असेल तर चुन्याऐवजी खडूचा हात द्यावा. हळदीचा रंग उन्हात विटतो, गेरू व काजळी विटत नाहीत. म्हणून बाह्यरेषा व मुख्य भाग या दोहोंनी करावेत.

थर किती द्यावेत, हे वस्तू किती दिवस जगावयाची आहे त्यावर ठरते. बडगा एका दिवसाचा धनी. मिरवणूक संपली की त्याचे दहन होते, त्याच्या रंगाला लकाकीची वा टिकाऊपणाची गरज नसते. याच्या अगदी उलट सावंतवाडीचा गंजिफा. दशावतारी गंजिफ्याची एकशेवीस वर्तुळाकार पाने वर्षानुवर्षे हातांत खेळावयाची असतात. म्हणून तेथे चिंचोक्यांची खळ, त्यावर खडूचा हात, त्यावर दगडाने घोटणे, मग चित्र व लाखेचे आवरण, अशी साखळी असते. साहित्य फारसे निराळे नाही, पण हातांची संख्या व घोटाई निराळी. शाळेतील मुखवट्याला सहामाहीपर्यंत जगावयाचे असते. त्याला पांढऱ्या हाताचे दोन व रंगाचे दोन थर पुरेत. लाखेचे रोगण स्पिरिटमध्ये केलेले असते व ते चटकन पेट घेते; हौस असलीच तर ते शिक्षकांनी वर्गाबाहेर लावावे. जुन्या डब्यांतील तैलरंग मात्र मुखवट्यांस लावू नयेत, त्यांत शिसे असण्याचा संभव असतो आणि मुखवटा मुलाच्या ओठांशी येतो.

बडग्याचा विषय मुलांनीच निवडावा. डास, उघडी गटारे, वाहून जाणारे नळाचे पाणी, रस्त्यावरील प्लॅस्टिकच्या पिशव्या, असे विषय त्यांना चटकन सुचतात. गावातील कोणा व्यक्तीची नक्कल होणार नाही, एवढे पाहावे. शहरातील चौकात जे खपते ते दोनशे उंबऱ्यांच्या गावात मुलाला व त्याच्या घराला जड जाते.

पुरे झालेले मुखवटे कपाटात एकावर एक रचू नयेत. ओलाव्याने ते चिकटतात व कसर लागते. दोरीवर, भिंतीपासून चार बोटे दूर, वारा खेळेल असे टांगावेत. वर्षअखेरीस ते मोडावयाचे झाल्यास सांगाड्याच्या कामट्या सोडवून पुढील वर्षासाठी जुडी बांधून ठेवाव्यात. कागद, कोंडा व खळ यांचेच काम असेल तर ते शाळेच्या खतखड्ड्यात जाते. ॲक्रिलिक रंग वा प्लॅस्टिकची टिकली लावलेले तुकडे आधी वेगळे काढावेत आणि ते जाळू नयेत.