कॉलेज-फुटबॉलचे पाठीराखे आणि कॉन्फरन्सचे राजकारण

अमेरिकेतील विद्यापीठांचा विचार करताना तेथील ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि संशोधक आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु खुद्द त्या देशातील सामान्य नागरिकाला आपल्या राज्याच्या विद्यापीठाचा परिचय बहुधा होतो तो शरद ऋतूतील एखाद्या शनिवारी, क्रीडांगणावर. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतात, आणि ज्या ॲन आर्बर शहरात ते आहे त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून भिन्न आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. रग्बीपासून विकसित झालेल्या या खेळात लंबगोल चेंडू मुख्यतः हातांनी नेला व फेकला जातो.

हे सामने ज्या संघटनांच्या चौकटीत खेळले जातात त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ‘परिषद’ या शब्दाने सभा वा संमेलन सूचित होत असल्यामुळे मूळ शब्दच येथे ठेवला आहे. कॉन्फरन्स म्हणजे काही विद्यापीठांचा कायम स्वरूपाचा क्रीडासंघ. त्याचे सभासद दरवर्षी परस्परांशी खेळतात, समान नियम पाळतात आणि उत्पन्न वाटून घेतात. अलीकडे या संघटनांची जी उलथापालथ झाली तिचे वर्णन वृत्तपत्रांतून पैशाच्या हव्यासाची कहाणी म्हणून केले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. पाठीराख्याची निष्ठा ज्या गोष्टीवर जडलेली असते ती एक आणि कॉन्फरन्स जी गोष्ट विकते ती दुसरी, असा भेद कसा निर्माण झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निष्ठेचे स्वरूप

या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या न्यू जर्सी राज्यातील दोन शेजारी संस्थांमध्ये झाला आणि तो रटगर्सने ६ विरुद्ध ४ असा जिंकला. शेजाऱ्याशी स्पर्धा हे या खेळाचे लक्षण आरंभापासूनच दिसते. पुढे १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये मिळालेल्या जमिनींच्या आधारे निरनिराळ्या राज्यांत शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी विद्यापीठे वाढीस लागली. ही विद्यापीठे राज्याची म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यामुळे ज्याने विद्यापीठाची पायरीही कधी चढलेली नाही असा शेतकरी वा दुकानदारदेखील त्याच्या संघाला ‘आमचा संघ’ म्हणू लागला. ही निष्ठा घराण्यात वारशाने चालत येते, आणि तिला प्रतिस्पर्ध्यावाचून अर्थ नसतो.

ऑरेगन व ऑरेगन स्टेट यांच्यातील सामने १८९४ पासून आणि वॉशिंग्टन व वॉशिंग्टन स्टेट यांच्यातील १९०० पासून चालत आले आहेत. सिॲटल हे बंदर आणि गव्हाच्या शेतांनी वेढलेले पुलमन हे छोटे गाव यांच्यातील सगळे अंतर त्या एका सामन्यात व्यक्त होते. एकाच घरातील दोघे भाऊ दोन पक्षांत असतात, आणि वर्षभर थट्टेचा विषय कोणी व्हावयाचे हे नोव्हेंबरमधील एका दुपारी ठरते.

व्यावसायिक संघाशी तुलना केली असता या निष्ठेचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. व्यावसायिक संघाचा मालक संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. १९८४ साली बाल्टिमोरचा ‘कोल्ट्स’ संघ असाच इंडियानापोलिसला गेला. विद्यापीठाला आपले गाव सोडता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीराख्यांना आपली निष्ठा सुरक्षित वाटत असे. विद्यापीठ गाव बदलू शकत नसले तरी शेजारी बदलू शकते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात फार उशिरा आली.

कॉन्फरन्सचा मूळ उद्देश

११ जानेवारी १८९५ रोजी पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने मध्यपश्चिमेतील सात संस्थांचे अध्यक्ष शिकागो येथे एकत्र आले. त्या काळी पैसे देऊन बाहेरचे खेळाडू आणणे, विद्यार्थी नसलेल्यांस संघात घेणे असे प्रकार सर्रास चालत. खेळाडू हा खरोखरच पूर्णवेळ विद्यार्थी असला पाहिजे व तो अभ्यासात मागे पडलेला नसावा, असे निर्बंध तेथे ठरले. पुढील वर्षी जी संघटना स्थापन झाली तिचे औपचारिक नावच मुळी ‘प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन कॉन्फरन्स’ असे होते. हीच संघटना आज ‘बिग टेन’ या नावाने ओळखली जाते. किनाऱ्यावरील विद्यापीठांची ‘पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स’ १९१५ साली स्थापन झाली.

यावरून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, कॉन्फरन्स हे खेळावर विद्याक्षेत्राचे नियंत्रण ठेवण्याचे साधन होते. दुसरी अशी की, ते नियंत्रण शेजारधर्मावर आधारलेले होते. ज्याच्याशी दरवर्षी खेळावयाचे आहे त्याच्यावर नजर ठेवणे सोपे जाते, आणि त्याने नियम मोडल्यास सामने थांबविण्याची धमकी परिणामकारक ठरते. रेल्वेने एका दिवसात पोहोचता येईल एवढ्या टापूतील संस्थाच परस्परांच्या शेजारी होऊ शकत. म्हणजे भूगोल हीच कॉन्फरन्सची घटना होती. या व्यवस्थेला खेळापलीकडेही फळे आली. १९५८ साली बिग टेनमधील विद्यापीठांनी शिकागो विद्यापीठासह शैक्षणिक सहकार्यासाठी एक समिती स्थापिली. विशेष म्हणजे शिकागोने १९३९ सालीच फुटबॉल बंद केला होता व १९४६ मध्ये ते कॉन्फरन्समधूनही बाहेर पडले होते.

अर्थात हे नियंत्रण कधीच निर्दोष नव्हते. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या प्रकरणांतून उद्भवलेल्या कलहामुळे पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स १९५९ साली विसर्जित झाली. परंतु विसर्जनानंतर तेच शेजारी काही वर्षांत पुन्हा नव्या नावाने एकत्र आले. घर मोडले तरी आळी तीच राहिली होती.

१९८४ चा निर्णय

ही परिस्थिती पालटली ती दूरचित्रवाणीच्या हक्कांमुळे. सामने घरबसल्या दिसू लागल्यास क्रीडांगणे ओस पडतील या भीतीने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९५१ पासून प्रक्षेपणावर कडक मर्यादा घातल्या होत्या. १९८२ साली सुरू झालेल्या योजनेप्रमाणे कोणत्याही संघाचे सामने दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा दाखविता येत नसत. ओक्लाहोमा व जॉर्जिया या बलाढ्य संघांच्या विद्यापीठांच्या वतीने या योजनेविरुद्ध दावा लावण्यात आला. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. भिन्नमत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. संघटनेच्या निर्बंधांमागे शैक्षणिक व हौशी खेळाचे हेतू आहेत, त्यांना निव्वळ बाजाराच्या मापाने मोजू नये, असा त्यांच्या मताचा आशय होता.

कायद्याच्या दृष्टीने बहुमताचा तर्क बिनतोड असेल. परंतु त्याचा एक परिणाम दूरगामी ठरला. प्रक्षेपणाचे हक्क राष्ट्रीय संघटनेकडून सुटले आणि कालांतराने ते एकत्रितपणे विकण्याचे काम मुख्यतः कॉन्फरन्सकडे आले. ज्या संस्थेचे काम निर्बंध घालणे हे होते, तिचे काम आता विक्री करणे हे झाले. विक्रेत्याला शेजाऱ्यांची गरज नसते, मोठ्या बाजारपेठांची असते. १९१४ साली स्थापन झालेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये नाहीशी झाली, कारण टेक्सासमधील तिची प्रमुख विद्यापीठे अधिक लाभदायक संघटनेत गेली. २०१४ साली रटगर्स व मेरिलँड ही पूर्वेकडील विद्यापीठे मध्यपश्चिमेतील बिग टेनमध्ये आली. २०२४ साली बिग टेनचे सभासद अठरा आणि ‘बिग ट्वेल्व्ह’चे सोळा झाले. नावातील आकडासुद्धा आता केवळ व्यापारचिन्ह म्हणून उरला आहे.

पॅसिफिक किनाऱ्यावरील विघटन

या प्रक्रियेचा कळस पॅसिफिक किनाऱ्यावर पाहावयास मिळाला. जुन्या संघटनेची वारस असलेली ‘पॅक-१२’ ही कॉन्फरन्स २०२२ च्या आरंभी अभंग होती. ३० जून २०२२ रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ व लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी बिग टेनमध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला. हे दुसरे विद्यापीठ आणि बर्कली येथील विद्यापीठ एकाच राज्यसंस्थेच्या दोन शाखा असल्यामुळे बर्कलीच्या नुकसानीचा प्रश्न नियामक मंडळापुढे आला. गेलेल्या शाखेने राहिलेल्या शाखेला दरवर्षी २० लाख ते १ कोटी डॉलर द्यावेत, अशी अट मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये घातली. एकाच घरातील वाटणीत पोटगी ठरावी, तसाच हा प्रकार होता.

पुढील उन्हाळ्यात प्रक्षेपणाचा समाधानकारक करार होईना, तेव्हा उरलेल्यांचाही धीर सुटला. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडोने, आणि ४ ऑगस्ट रोजी ऑरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व युटा या पाच विद्यापीठांनी बाहेर पडण्याचे ठरविले. सप्टेंबरमध्ये स्टॅनफर्ड व बर्कली यांनी ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्सचे सभासदत्व स्वीकारले. पॅसिफिकच्या तीरावरील विद्यापीठे अटलांटिकच्या नावाने खेळू लागली!

मागे राहिली ती ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट. त्यांचे पाठीराखे कमी निष्ठावान होते असे नव्हे. त्यांच्या कॉर्व्हॅलिस व पुलमन या गावांभोवती मोठी बाजारपेठ नव्हती, एवढेच. परंतु जो सभासद मुदतीपूर्वी बाहेर पडण्याची नोटीस देईल त्याचा नियामक मंडळावरील हक्क संपुष्टात येईल, असा एक नियम कॉन्फरन्सच्या घटनेत होता. या नियमाचा आधार घेऊन त्या दोघांनी न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुलमन ज्या परगण्यात आहे तेथील न्यायालयाने मंडळाचा ताबा त्यांच्याकडे देणारा आदेश दिला, आणि पुढील महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. कॉन्फरन्सचे नाव व मालमत्ता त्यांच्या हाती राहिली. त्या बळावर त्यांनी २०२४ व २०२५ या वर्षांत नवे सभासद मिळविले आणि २०२६ पासून संघटना नव्या रूपात उभी करण्याचे ठरविले.

काही निष्कर्ष

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेली एक उपपत्ती येथे उपयोगी पडते. एखाद्या संस्थेचा दर्जा खालावला की, तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात : बहिर्गमन आणि आवाज, म्हणजे सोडून जाणे किंवा आत राहून तक्रार करणे. निष्ठा ही बहिर्गमनाला आवर घालते व आवाजाला अवसर देते. मात्र सोडून जाण्याची शक्यता मागे उभी असल्यावाचून आवाजाला धार येत नाही.

प्रस्तुत प्रकरणी विद्यापीठांना बहिर्गमन अतिशय सुलभ झाले आहे. त्यामुळे कॉन्फरन्समध्ये राहून ती सुधारण्याचे त्यांना कारण उरले नाही. उलट पाठीराख्याला बहिर्गमन जवळजवळ अशक्य आहे. पुलमनचा मनुष्य उद्यापासून दुसऱ्या विद्यापीठाचा पाठीराखा होऊ शकत नाही, हे तो जाणतो आणि त्याच्या निष्ठेची किंमत ठरविणारेही जाणतात. ज्या निष्ठेमुळे या खेळाला मूल्य आले, तीच निष्ठा तिच्या धन्याला मुका करते. पाठीराखा ओरडतो पुष्कळ, परंतु नियामक मंडळावर त्याला जागा नाही. दोन उपेक्षित विद्यापीठांचा आवाज ऐकला गेला, तो बाहेर पडणाऱ्याचा हक्क काढून घेणारा नियम लिहून ठेवलेला होता म्हणून. निष्ठेला संरक्षण हवे असेल तर ते भावनेत नव्हे, घटनेच्या कलमांत शोधावे लागते, हा या प्रकरणाचा धडा होय.

दुसरी बाजूही नमूद करणे न्याय्य होईल. बहुसंख्य विद्यापीठांच्या क्रीडाविभागांचा खर्च त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागत नाही. शिवाय जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली असून, पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेसाठी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. खेळाडूंना हा न्याय फार उशिरा मिळाला, हे खरेच. पण त्यामुळे पैशाची निकडही वाढली आहे. स्थलांतराने क्वचित तुटलेले जुळतेही. टेक्सास व टेक्सास ए. अँड एम. यांचा २०११ नंतर बंद पडलेला जुना सामना २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला, कारण दोघेही पुन्हा एकाच कॉन्फरन्समध्ये आले.

तथापि या सर्व व्यवहाराचा भार ज्यांच्यावर पडतो ते विद्यार्थी विसरता येत नाहीत. फुटबॉलसाठी केलेले करार व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल व टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींनाही बांधतात. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हे सुमारे ३,९०० किलोमीटरांचे अंतर त्यांनी अभ्यासाच्या दिवसांत तोडावयाचे असते. खेळाडू हा प्रथम विद्यार्थी असावा, या एका आग्रहासाठी १८९५ साली सात अध्यक्ष शिकागोत जमले होते. आज त्यांच्याच संघटनेच्या वेळापत्रकाला त्या आग्रहाचा विसर पडलेला दिसतो.

वॉशिंग्टन व वॉशिंग्टन स्टेट २०२४ सालीही परस्परांशी खेळले. मात्र परंपरेने नोव्हेंबरअखेर होणारा तो सामना सप्टेंबरमध्ये घेण्यात आला. दोघे आता एका कॉन्फरन्सचे नसल्यामुळे हंगामाचा शेवट त्यांच्यासाठी मोकळा राहिला नव्हता. पाठीराखे नेहमीप्रमाणे आले, आणि विजय वॉशिंग्टन स्टेटचा झाला. शेजार कागदावर मोडला असला तरी भांडण अद्याप जिवंत आहे. ते किती काळ जिवंत राहील, हे मात्र यापुढे शेजाऱ्यांनी ठरवावयाचे नाही.