हाताच्या विद्येचा दाखला

जिन्यातला एकच दिवा खालून व वरून लावता-विझवता येईल अशी जोडणी करून दाखव, असे वायरमनच्या प्रात्यक्षिकात सांगतात. तारा चुकल्या तर दिवा लागत नाही. तेथे घोकंपट्टी कामाची नाही. आठवी उत्तीर्ण मुलाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. शिल्पकार प्रशिक्षणाची ही योजना १९५० पासूनची. तरी प्रमाणपत्र हाती असूनही 'दहावी नाही' म्हणून अर्ज परत येई. २०१६ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाशी करार झाला. तेव्हापासून भाषेची परीक्षा वेगळी देऊन अशा मुलास दहावीची समकक्षता मिळू शकते. पालकांना ही वाट क्वचितच कोणी सांगतो!

पण जे संस्थेत गेलेच नाहीत, उस्तादाच्या हाताखाली शिकले, त्यांचे काय? किमान वेतनाच्या अधिसूचनांत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या असतात. कागद नसलेला वायरमन 'हेल्पर' म्हणून लावला की महिन्याच्या महिन्याला तो फरक त्याच्या पगारातून जातो. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अशा अनुभवी कारागिराची चाचणी घेऊन दाखला देण्याची सोय झाली. सोय चांगली, मात्र दाखला मिळाला म्हणून श्रेणी वाढतेच असे नाही. म्हणून आम्ही ते कलम वेतनकराराच्या मसुद्यातच घालतो, आणि बोलणी हटकून तेथेच अडतात.