मिठाचा हिशेब आणि चिमूटभर मीठ

राजकारणांत लोकांचें मन बुद्धीनें वळवावें कीं भावनेनें, असा वाद निघाला म्हणजे आपण शिकलेलीं माणसें बुद्धीच्या बाजूस बसतों आणि भावना जमावाकडे लोटून मोकळीं होतों. श्रोतेहो, मिठावरील कराचा इतिहास पाहिला तर ही वांटणी टिकत नाहीं.

१८८८ मध्यें हा कर मणामागें दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला होता. मार्च १९०२ मध्यें नामदार गोखले यांनीं व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. एके काळीं गणित शिकविलेले हे गृहस्थ. त्यांनीं आकडेच पुढें ठेवले. तिजोरींत वर्षानुवर्षें शिल्लक पडते, आणि गरिबाचें मीठ मात्र महाग! पुढल्याच वर्षीं कर दोन रुपये झाला आणि १९०७ मध्यें एक रुपयावर आला. सारें श्रेय एका भाषणाचें नव्हे. पण आकड्यांना ऐकणारा कान मिळाला होता खरा.

१९२३ मध्यें तो कान बंद झाला. सव्वा रुपयावर असलेला कर दुप्पट करण्यास विधिमंडळानें नकार दिला, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं खास अधिकारानें तो लादला. युक्तिवाद लंगडा नव्हता. तो मानण्याचें बंधन ऐकणाऱ्यावर नव्हतें, इतकेंच.

२ मार्च १९३० रोजीं गांधीजींनीं लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहिलें, त्यांतही हिशेबच होता: व्हाइसरॉयांचा पगार दरमहा २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला सातशेंहून अधिक, आणि हिंदी माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांच्या आंत. हें वाक्य तर्काचें म्हणावें कीं भावनेचें? मला तरी तें निवडतां येत नाहीं. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनीं चिमूटभर मीठ उचललें, आणि जें गाऱ्हाणें कौन्सिलाच्या कागदांत पडून होतें तें चुलीपाशीं बसणाऱ्या बाईचें झालें. केवळ भडकावणाऱ्या वक्त्याहून हें निराळें होतें, कारण त्या चिमटीमागचा हिशेब ज्याला हवा त्याला तपासतां येत होता.

तरीही भावनेच्या पदरांत सर्व टाकूं नये. १९३१ च्या करारानें मीठ तयार होणाऱ्या भागांतील लोकांना घरगुती वापरापुरतें तें गोळा करण्याची मुभा मिळाली. कर मात्र १९४७ मध्यें रद्द झाला.