सौदा कापायलाही गिऱ्हाईक लागतं

समजा, खात्यात १,२०० स्विस फ्रँक आहेत आणि तेवढ्यावर तुम्ही ६०,००० फ्रँकचे युरो घेतलेत. हे पन्नासपट लिव्हरेज. तुमचे १,२०० म्हणजे नुसतं मार्जिन, म्हणजेच तारण. युरो फक्त एक टक्का घसरला, की निम्मं मार्जिन खलास!

अशा वेळी ब्रोकर तुमची परवानगी मागत बसत नाही. त्याचा संगणक हजारो खात्यांचं गणित क्षणोक्षणी मांडत असतो. मार्जिन ठरलेल्या पातळीला, समजा निम्म्यावर, आलं की सौदा आपोआप कापला जातो, मग तुम्ही गाढ झोपेत का असेना. केवढी चोख व्यवस्था! ६०० गेले, ६०० वाचले.

खरंच वाचले? सौदा कापणं म्हणजे युरो विकणं. आणि घेणारा कोण?

सप्टेंबर २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं जाहीर केलं होतं, की युरोला १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. त्यासाठी लागतील तेवढे युरो स्वतः घेऊ. असा खंबीर खरेदीदार पाठीशी असताना भीती कसली? कितीतरी जणांनी १.२० च्या किंचित वर, उधारीवर युरो घेऊन ठेवले. १५ जानेवारी २०१५ च्या सकाळी बँकेनं तो शब्द अचानक मागे घेतला.

तुम्ही युरो १.२० ला घेतले होते असं धरलं, तर आपल्या हिशेबात सौदा एक टक्का खाली, १.१८८ ला कापला जायला हवा होता. संगणकानं हुकूम सोडलाही असेल, पण त्या भावाला घेणारं कुणी उरलंच नव्हतं! भाव जिना उतरून आलाच नाही, त्यानं गच्चीवरून उडी टाकली. त्यात कापलेला प्रत्येक सौदा म्हणजे आणखी एक विक्री. ती भाव आणखी पाडणार आणि पुढचं खातं पातळीखाली ढकलणार. तोटा आवरायला बसवलेलं यंत्रच घसरणीला जोर देत होतं! काही मिनिटांत युरो ०.९० च्याही खाली गेला, मग सावरून १ च्या आसपास आला.

तुमचे युरो १ ला विकले गेले असं धरू. तोटा १०,००० फ्रँक, खात्यात होते १,२००. म्हणजे खातं रिकामं होऊन वर ८,८०० चं देणं! एफएक्ससीएम या एकाच ब्रोकरच्या ग्राहकांकडे असं सुमारे साडेबावीस कोटी डॉलरचं देणं निघालं. अल्पारी या दुसऱ्या ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी तर दिवाळखोरीत गेली.

ऑगस्ट २०१८ पासून युरोपीय संघात अशा सौद्यांमध्ये सामान्य ग्राहकाला तीसपटीहून जास्त लिव्हरेज देता येत नाही, आणि खात्यातल्या रकमेपलीकडचा तोटा त्याच्याकडून वसूलही करता येत नाही. तो आता ब्रोकरला सोसावा लागतो.