नाट्याच्या आकाशातली सरळ रेघ

जैतापूरच्या खाडीकाठी, नाटे गावाच्या यशवंतगडावर उभं राहून कल्पना करा: उत्तरेला रत्नागिरीची धावपट्टी, दक्षिणेला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ. दोघांमध्ये अंतर किती?

नकाशा पुरेसा आहे. रत्नागिरीचा विमानतळ साधारण १७ अंश अक्षांशावर, चिपीचा १६ अंशांवर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. चिपी थोडी पूर्वेला सरकलेली, म्हणून सरळ रेघ ११५च्या आसपास भरते. ही रेघ नाट्याच्या जवळूनच जाते. खाली रस्त्याला मात्र प्रत्येक खाडीला वळसा घालावा लागतो किंवा पूल शोधावा लागतो. खाड्याच कोकणातलं अंतर ठरवतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

समजा, ताशी ५०० किलोमीटर वेगाचं पंख्याचं विमान या रेघेवरून निघालं. भागाकार सांगतो, १४ मिनिटं. प्रत्यक्षात अर्धा तास धरा. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, वाऱ्याच्या दिशेनुसार वळून उतरणं, हे सगळं अंतर कमी झालं म्हणून आटपत नाही. एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेग गाठतं न गाठतं, तोच उतरणीला लागतं.